चौघांची पक्षिवही



सध्या माझ्या टेबलावर एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर पोह्याच्या तेलाचा डाग पडलेली. ती माझी नाही. मागील सत्रात सातवीत असलेल्या चार मित्रांची ती आहे, दोन मुले आणि दोन मुली. त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एका भांडणाची हकिगत येणार आहे आणि ते भांडण आता मिटलेले आहे.

ही वही पक्ष्यांसाठी सुरू झालीच नव्हती. सहावीपर्यंत चौघे एकाच तुकडीत होते. सातवीत तुकड्या बदलल्या. मोबाइल घरचे हातात देत नाहीत, शाळेत तर आणूच देत नाही. तेव्हा एकमेकांना सांगायच्या गोष्टी लिहून ठेवायला त्यांनी वही काढली. आज एकाकडे, उद्या दुसरीकडे, अशी ती घरोघर फिरायची. पहिल्या पानांवर सगळा संसार आहे: ‘काल रात्रभर लाइट नव्हती.’ ‘आमच्या जिन्याखाली मांजरीला तीन पिल्ले झाली, एक पूर्ण काळे.’ ‘आज डब्यात पुन्हा तोंडली.’ मग एका पानावर प्रश्न आला: ‘आमच्या गच्चीवर टाकीपाशी एक काळा-पांढरा पक्षी येतो, शेपूट सारखी वर-खाली करतो. कोण?’ खाली दुसऱ्याचे अक्षर: ‘आमच्याकडेही. दिवाळीच्या आसपास आला.’ त्याखाली तिसरीचे: ‘आजी म्हणते, हा धोबी. कपडे आपटतो तशी शेपूट आपटतो.’

त्या दिवसापासून मांजरी आणि तोंडली थोडी मागे पडली. पूर्ण नाही, हे बरे झाले. आजचा पाठ ह्या वहीवर आहे.

नाव आणि पक्षी

मी प्राणिशास्त्र हिंदी माध्यमातून शिकले. त्यामुळे महाविद्यालयात जे पक्षी भेटले ते हिंदी नावांनी भेटले: टिटहरी, पनकौआ, शकरखोरा, कठफोड़वा. घरी आम्ही मराठी बोलत होतो, पण घरच्या मराठीत चिऊ, काऊ, पोपट, कोकिळा आणि फार तर भारद्वाज एवढेच पक्षी होते. इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांची हीच स्थिती असावी. स्वयंपाकघरातली मराठी टिकली, देवघरातली टिकली, तलावाकाठची मात्र राहून गेली.

डिसेंबरात मी आणि आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका त्या चौघांना आणि आणखी वीस-एक मुलांना घेऊन सिरपूर तलावावर गेलो. धार रोडवरचा हा तलाव होळकर संस्थानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. क्षेत्रफळ १६१ हेक्टर. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर ह्या आपल्या दोन्ही तलावांची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली, आणि २०२५ मध्ये पाणथळ जागा सांभाळणारी शहरे म्हणून भारतातून जी पहिली दोन शहरे मान्यता पावली, त्यांत उदयपूरबरोबर इंदूर होते. स्वच्छतेच्या क्रमांकाची बातमी घरोघर ठाऊक असते. ही बातमी मी वर्गात विचारली तेव्हा एकही हात वर झाला नाही.

सकाळचे सात, धुके, आणि पाण्यावर काळे ठिपकेच ठिपके. मुलांनी दुर्बीण आळीपाळीने घेतली. काळ्या ठिपक्यांच्या कपाळावर पांढरा टिळा दिसला. सोबत शाळेच्या ग्रंथालयातला मारुती चितमपल्ली ह्यांचा ‘पक्षिकोश’ होता. चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनाधिकारी. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावे आयुष्यभर गोळा केली. ह्या टिळेवाल्या पाणपक्ष्याचे मराठी नाव वारकरी. असे नाव का पडले असेल, ते मुलांना सांगावे लागले नाही.

पण त्या सकाळी सगळ्यांत जास्त आनंद दिला तो एका बदकाने. अंगाने मातकट, खवल्या-खवल्यांचे, पहिल्या नजरेत काही विशेष नाही. चोच मात्र काळी, टोकाला पिवळी, आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपका. हिंदीत ह्याला गुगरल म्हणतात, ते मला माहीत होते. मराठीत काय म्हणतात ते त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीकडून कळले. तिने दुर्बिणीतून डोळा न काढता विचारले, “मॅडम, ह्याने हळदीकुंकू लावले आहे का?” पक्षिकोश उघडला. नाव होते हळदीकुंकू बदक.

ती मुलगी नाव शिकून आली नव्हती. तिने चोच पाहिली. शेकडो वर्षांपूर्वी ज्या कोणी हे नाव ठेवले, त्याने किंवा तिनेही चोचच पाहिली असणार. नावे अशी पाहण्यातून होतात. शेवटी थापट्या बदकही दिसले, चमच्यासारख्या चपट्या चोचीचे. हिमालयापलीकडून येणारा हा पाहुणा, थंडी संपली की परत जातो. हळदीकुंकू मात्र इथलेच, बारा महिन्यांचे.

परतताना सगळ्यांनी पोहे-जिलबी खाल्ली. वहीवरचा डाग त्याच दिवशीचा.

सारसाची नोंद

आता भांडण. चौघांपैकी एक मुलगा पुढच्या आठवड्यात आपल्या काकांबरोबर स्कूटरवरून पुन्हा सिरपूरला गेला. इतर तिघे नव्हते. सोमवारी त्याने वहीत लिहिले: ‘सारस. १. खूप मोठा, राखाडी. काठावर उभा होता. आम्ही जवळ गेलो तर उडाला. उडताना मान मुरडलेली, पाय मागे लांब. डोके लाल दिसले नाही.’

वर्गात चर्चा झाली. सारस पाहिला! दुसऱ्या दिवशी एका मुलीने पुस्तक उघडून दाखवले: सारसाचे डोके आणि मानेचा वरचा भाग लाल असतो. तो सहसा जोडीने राहतो. मग हा एकटा, बिनलाल डोक्याचा सारस कुठला? ‘खोटे लिहिलेस,’ असे तिने तोंडावर सांगितले आणि नोंदीवर लाल पेनाने फुली मारली. मुलगा म्हणाला, खोटारडा म्हणता तर माझी पाने मला द्या. आपली पाने फाडून घ्यायची, आणि वही त्या तिघांनी ठेवावी. दुसऱ्या मुलाने त्याची बाजू घेतली. मग त्याचीही पाने गेली. असे करता करता चौघे वही घेऊन माझ्याकडे आले. भांडण मिटवायला नव्हे, तर वहीचे चार भाग नीट करून द्यावेत म्हणून.

मी प्राचार्या आहे. खरे बोलावे ह्या विषयावर माझे भाषण नेहमी तयार असते, आणि त्या दिवशीही मी ते सुरू करणारच होते. बरे झाले की आधी नोंद वाचली.

मुलांनो, तुम्हीही ती पुन्हा वाचा. ज्याला खोटा सारस रंगवायचा आहे, तो काय लिहील? पुस्तक वर्गातच होते. तो लिहील, ‘डोके लाल होते, जोडी होती.’ ह्या मुलाने मात्र लिहिले की डोके लाल दिसले नाही. एकच होता, तर एकच लिहिला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, त्याने उडताना मान मुरडलेली लिहिली. ही गोष्ट त्याला कोणी शिकवलेली नव्हती. सारस उडताना मान पुढे सरळ ताणतो. करकोचेही तसेच. बगळे मात्र उडताना मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मुरडून खांद्यांत ओढून घेतात. म्हणजे त्याने पाहिला होता राखी बगळा. मोठा पक्षी आहे तो, काठावर स्थिर उभा राहतो, आणि ज्याने सारस कधी पाहिला नाही त्याला तो सारसाएवढा वाटला तर नवल नाही.

मी त्याला एकट्याला विचारले, “सारस का लिहिलेस?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सारस असावा असे वाटत होते.” काकांनी मागील वर्षी कुठेतरी सारस पाहिला होता आणि घरी त्याचे फार कौतुक झाले होते.

त्याच्या मनातली इच्छा नावापर्यंत गेली, पण पुढच्या चार ओळींत त्याने तिला येऊ दिले नाही. म्हणून ती चूक दुरुस्त करता आली. केवळ ‘सारस, १’ एवढेच लिहिले असते तर आज कोणालाच काही सांगता आले नसते. विज्ञानात हे रोज घडते. नाव चुकते, आणि जपून लिहिलेल्या निरीक्षणावरून दहा वर्षांनी दुसरा कोणी ते सुधारतो. चुकलेली नोंद आणि खोटी नोंद ह्यांत हा फरक आहे. ज्या मुलीने फुली मारली तिचा प्रश्न योग्यच होता, हेही मी सगळ्यांसमोर सांगितले. लाल डोके नाही हे तिनेच पकडले. तिने प्रश्न विचारायला हवा होता. निकाल देण्याची घाई झाली.

वही फाडली नाही. खाडाखोडही करू दिली नाही. मूळ नोंद तशीच ठेवून समासात तारीख घालून लिहिले: ‘राखी बगळा. मानेवरून ओळखले.’ लाल फुली अजून आहे. तिच्याशेजारी लहान अक्षरात कोणीतरी ‘सॉरी’ लिहिले आहे. कोणी, ते मी विचारले नाही.

पाहिले, ऐकले, शंका

त्यानंतर चौघांनी वहीत तीन रकाने आखले: पाहिले, ऐकले, शंका. कल्पना त्यांचीच. ह्या रकान्यांची पहिली परीक्षा आम्हा मोठ्यांमुळे झाली. जानेवारीत पालकांच्या व्हॉट्सअॅप समूहांत बिबट्याचा एक व्हिडिओ फिरत होता. खाली लिहिलेले होते, राळामंडळजवळ, काल रात्री. एका मुलीने घरी विचारले, “हा तुम्ही पाहिला का?” उत्तर मिळाले, “हो, हा काय, पाहा ना.” तिने नोंद ‘ऐकले’ ह्या रकान्यात केली आणि कंसात लिहिले, ‘पप्पांनी फोनमध्ये पाहिला, बिबट्या नाही पाहिला.’ वडिलांनी ही गोष्ट हसत हसत मला सांगितली, म्हणून इथे लिहीत आहे.

आपल्या भागात बिबट्या नसतोच असे नव्हे. चोरल-महूकडच्या डोंगरांतल्या जंगलात तो आहे, आणि राळामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह होती, ती उगाच नव्हती. १९८९ पासून ते अभयारण्य आहे. परंतु कोणत्या तारखेला, कुठे, कोणी स्वतः पाहिले, हे विचारल्यावर त्या समूहात शांतता पसरली. पालकहो, ह्यात माझाही दोष आहे. तो व्हिडिओ मीही दोन ठिकाणी पाठवला होता.

‘शंका’ हा रकाना मला सर्वांत आवडतो, कारण त्यात सर्वांत जास्त अक्षरे एकमेकांत मिसळली आहेत. एकाने लिहायचे, दुसऱ्याने खाली उत्तर द्यायचे, तिसऱ्याने ते खोडायचे. ‘तारेवर बसलेला काळा, शेपूट दुभंगलेली.’ ‘कोतवाल.’ ‘हिंदीतही कोतवालच म्हणतात, मामा म्हणाला.’ ‘मग तो कावळ्याला का हाकलतो?’ ‘कोतवाल आहे म्हणून!!’ आणि त्याखाली बऱ्याच दिवसांनी, वेगळ्या शाईत: ‘त्याचे घरटे कडुलिंबावर आहे. कावळा अंडी खातो. म्हणून.’

मैदानावरची टिटवी

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपल्या आणि शाळेच्या मैदानावर उन्हाळी शिबिरासाठी रोलर फिरवायचे ठरले. त्याच आठवड्यात वहीत एक नोंद आली, जागा न लिहिता: ‘टिटवी. अंडी ४. जागा आपल्याला माहीत आहे, लिहायची नाही.’ घरट्याची जागा वहीत लिहायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. वही अनेकांच्या हातात जाते आणि सगळे हात सारखे नसतात.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे बाजूला सारते आणि तिथेच अंडी घालते. अंडी मातीच्या रंगाची, काळ्या डागांची. दोन पावलांवर उभे राहूनही दिसत नाहीत. रोलरवाल्याला तर मुळीच दिसली नसती. चौघे माझ्याकडे आले. मी त्यांना आपल्या एका विश्वस्तांकडे पाठवले, कारण मैदानाचा निर्णय माझा एकटीचा नाही. त्यांनी मुलांना विचारले, “किती दिवस?” मुलांकडे उत्तर तयार होते: साधारण चार आठवडे. मैदानाचा तो कोपरा दोरी बांधून सोडला गेला. शिबिराचे क्रिकेट अर्ध्या मैदानात झाले आणि त्याबद्दल काही तक्रारी आल्या, त्याही मी ऐकून घेतल्या.

त्या चार आठवड्यांच्या नोंदी वहीतल्या सर्वोत्तम नोंदी आहेत. ‘दुपारी दीड. टिटवी उठली, टाकीच्या गळतीखाली बसली, पोट ओले केले, परत अंड्यांवर बसली.’ आम्ही मोठे तिला ‘पाणी पिते’ म्हणालो असतो. मे महिन्याच्या उन्हात जमीन तापते. पोटाची पिसे भिजवून टिटवी अंडी गार ठेवते. हे पुस्तकात आहे, पण मुलांनी ते आधी पाहिले आणि नंतर वाचले.

टिटवी रात्री ओरडली तर अशुभ, असे अनेक घरांत मानतात. आमच्या घरीही मानत. एका मुलाच्या आजींनी तेच सांगितले तेव्हा त्याने वहीत लिहिले, ‘ऐकले: अशुभ. पाहिले: कुत्रा आला की ओरडते. कुत्रा गेला की गप्प.’ मग आजींना घेऊन तो संध्याकाळी मैदानावर आला. दोरीच्या बाहेर खुर्ची टाकून आजी बसल्या. कुत्रा आला, टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावली, कुत्रा पळाला. आजी म्हणाल्या, “अगं बाई, ही तर आई आहे.” टिटवी पाय वर करून झोपते, आकाश पडले तर झेलायला, अशी गोष्ट हिंदीतही आहे आणि मराठीतही. मुलांनी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. नोंद अशी: ‘पाय खालीच.’

चारपैकी तीन अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. चौथ्याचे काय झाले ते ‘शंका’मध्ये आहे. पिल्ले त्याच दिवशी चालू लागली आणि दुसऱ्या सकाळी दोरीच्या आत कोणी नव्हते.

यशवंत सागर

फेब्रुवारीतली एक नोंद मी मुद्दाम शेवटी ठेवली. चौघांचे पालक मिळून एका रविवारी यशवंत सागरला गेले. गंभीर नदीवरचा हा जलाशय इंदूरला पाणी पुरवतो, आणि मध्य भारतात सारस टिकून आहेत अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियाकडे जावे लागते. आपल्याला तो तासाभराच्या अंतरावर आहे. अकराच्या सुमारास, शेताच्या कडेला, दूर, दोन पक्षी. नोंद त्याच मुलाच्या अक्षरात आहे: ‘सारस. २. डोके लाल. माणसाएवढे उंच. उडाले, मान सरळ. चौघांनी पाहिले.’ खाली चौघांच्या सह्या.

ती वही आता भरली. नवी वही ग्रंथालयात ठेवली आहे, दोरीला पेन्सिल बांधून, आणि ती आता कोणा चौघांची नाही. तारीख, वेळ, जागा, किती होते, काय करत होते आणि सोबत कोण होते, एवढे लिहावे. नाव येत नसेल तर जागा कोरी सोडावी. तलावावर कोणीही मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये. फेब्रुवारीत जगभर चार दिवस अंगण-परसातले पक्षी मोजले जातात, त्यात पंधरा मिनिटांची मोजणीही चालते. पुढील वर्षी आपली शाळा त्यात भाग घेईल.

तूर्त पावसाळ्याचे काम. ह्या दिवसांत पहाटे आणि ढगाळ दुपारी एक पक्षी झाडात लपून चढत्या आवाजात ओरडत राहतो. मराठी शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा’ म्हणताना ऐकू येतो, म्हणून त्याचे नाव पावशा. हिंदीत तोच पपीहा, आणि तो ‘पी कहाँ’ विचारतो. आपल्या घरांत दोन्ही भाषा आहेत. पुढील शुक्रवारपर्यंत घरातल्या प्रत्येकाला विचारा, त्यांना काय ऐकू येते. मग डोळे मिटून स्वतः ऐका, आणि तुम्हाला जे ऐकू येईल तेच लिहा.